ग्रेस मार्कांवर पास

आमच्या घरी एक लाँगबुक आहे. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ते सुरू केले. घरात बसून जो चित्रपट किंवा मालिका पाहिली तिचे नाव, तारीख आणि दहापैकी गुण असे तीन रकाने पट्टीने आखले, चौथा रकाना शेऱ्याचा. मास्तराचा हात तो, आठच्या वर सहसा जात नाही. पण पाने उलटत गेले की एक गोष्ट लक्षात येते. चित्रपट कृष्णधवल असला की शेऱ्यात हमखास ‘ग्रेस २’ असे लिहिलेले. म्हणजे खरे गुण पाच, दोन ग्रेस, एकूण सात. कारण विचारले तर म्हणतात, “जुना आहे रे. त्या वेळी कुठं काय साधनं होती?”

माझ्या अकरावीतल्या मुलीचा हिशेब याच्या उलट. पडदा काळा-पांढरा दिसला की दोन गुण आधीच वजा. वीस मिनिटांत पकड बसली नाही तर हातात फोन.

घरी बसून जुने काही पाहायचे, तर त्याला गुण कसे द्यायचे आणि दुसऱ्यांनी दिलेले गुण किती धरायचे, हा प्रश्न या दोन हिशेबांच्या मध्ये कुठेतरी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आप्पांचे ग्रेस चूक आणि लेकीची वजाबाकीही चूक. आपण घरी जे गुण देतो त्यातले निम्मे चित्रपटाचे नसतातच. ते आपल्या हाती आलेल्या प्रतीचे असतात, नाहीतर आपल्या आठवणीचे.

आधी प्रतीचे बघू. ‘संत तुकाराम’ हा दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा प्रभात चित्रपट. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. आमच्या वहीत तो दोनदा आहे. पहिल्या वेळी लेकीने चार दिले, आप्पांनी ग्रेस धरून सात. ती प्रत नेटवर कुणीतरी चढवलेली होती. त्या काळचा पडदा जवळजवळ चौरस, चारास तीनच्या आसपास. आताचा टीव्ही सोळास नऊ. चढवणाऱ्याने ते चित्र ताणून पडदाभर केले होते, त्यामुळे तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा भाकरीसारखा पसरलेला आणि टाळ बशांएवढे. वर कोपऱ्यात कुठल्याशा वाहिनीची खूण, खाली पट्टी, आवाजात सतत तळणाचा चर्र. अभंग ऐकू येत होते, पण शब्द लागत नव्हते.

वर्षभराने बरी प्रत मिळाली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मूळ केला, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. शिवाय नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती चालू राहिली तर सेकंदाला चोवीस चौकटींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. ती बंद केली. या वेळी गौरी या नटीने केलेली जिजाई लेकीला दिसली. देवाशी भांडणारी, नवऱ्याच्या भक्तीपायी चूल विझलेली ती बाई. “ही तर आपल्या गल्लीतली वाटते,” असे म्हणून तिने नऊ दिले. चित्रपट तोच होता. वाढलेले पाच गुण बरी प्रत आणि रिमोटवरचे एक बटण यांचे.

वाईट प्रतींचा एवढा सुळसुळाट का, याला कारण आहे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे प्रभातचे सगळे वैभव, राजा परांजप्यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), यांच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. कुणीही चढवावे, कुणीही कापावे. हक्क नाही म्हटल्यावर प्रतीची जबाबदारीही कुणाची नाही. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवलेल्या ‘श्यामची आई’ची जी प्रत तुमच्या फोनवर उघडते, ती पाहून अत्रे काय म्हणाले असते ते इथे छापण्याजोगे नसते.

दुसरे कारण आगीचे. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत आणि ती फिल्म गवताच्या गंजीसारखी पेटते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जिथे कधीकाळी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, नायट्रेट फिल्मचे कोठार जळाले. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेला तो ठेवा होता, प्रभातच्या फिल्मही त्यात होत्या. त्यामुळे आपण घरी जे पाहतो ते पुष्कळदा नकलेच्या नकलेवरून केलेली नक्कल असते, आणि तिच्यातल्या काळोखाला आपण ‘जुन्या काळचे छायाचित्रण’ म्हणतो.

‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट तर याहून गमतीची. फाळक्यांचा १९१३ चा मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३७०० फुटांचा. उरली आहेत त्यातली पहिली आणि शेवटची रिळे, आणि तीही १९१३ ची नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची असावीत असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे मोठ्या आदराने दहापैकी दहा देणाऱ्याने कदाचित दुसऱ्याच मुलाचा पेपर तपासलेला असतो. मूकपट तेव्हा सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या चालीने चालायचे. चोवीसच्या चालीने लावले की राजा, राणी, ऋषी सगळे बस चुकल्यासारखे पळू लागतात आणि घरातली पोरे हसतात. फाळक्यांनी विनोदी चित्रपट काढला असावा, असा माझ्या भाच्याचा बरेच दिवस समज होता.

फार मागे जायलाही नको. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ चा. त्यात ठाकूर गब्बरला मारतो असा मूळ शेवट होता, तो बदलून पोलीस येतात असा करावा लागला. पुढे मूळ शेवटाची प्रत व्हिडिओवर घरोघर फिरली. दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासकट २०२५ मध्ये आधी इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात आणि मग आपल्या चित्रपटगृहांत लागली. तेव्हा ‘शोले’ला किती गुण, असे कुणी विचारले की मी आधी विचारतो, गब्बर मेला का?

टीव्हीवरच्या प्रतीचे आणखी वेगळे. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असलेला चित्रपट टीव्हीवर दाखवायचा तर तो कापून नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिवाय १९८३ पर्यंत आपल्याकडे सरसकट ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच मुख्य वर्ग होते, ‘यूए’ त्या वर्षी आला. २०२४ पासून त्यातही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे भाग पडले. त्यामुळे दादा कोंडक्यांच्या चित्रपटावर कुठला शिक्का आहे ते पाहून मुलांना बसवायचे की नाही हे ठरवू नये. आधी आपण पाहावे. मी एकदा शिक्क्यावर भरवसा ठेवला आणि दीड तास आईच्या नजरेला नजर दिली नाही.

आठवणीचे गुण हा याहून नाजूक विषय. आमच्या शहरात हडकोजवळ टीव्ही सेंटर नावाचा चौक आहे. रिक्षावाला तिथे सोडतो, भाजी तिथे मिळते, आणि तिथल्या पोरांना हे नाव कशावरून पडले याचे काही वाटत नाही. म्हैसमाळला गेलात तर डोंगरावर प्रक्षेपणाचा मनोरा दिसतो. शहरातल्या छपरांवरचे अँटेना कधीकाळी त्याच्याकडे तोंड करून उभे असत, आणि वाऱ्याने हलले की घरातला सगळ्यात हलका मुलगा गच्चीवर चढे. तो मुलगा मी. ‘आलं का?’ असे वरून ओरडायचे आणि खालून ‘गेलं!’ असे उत्तर यायचे.

हे सांगायचे कारण असे की मुंबई दूरदर्शन १९७२ चे. पुण्याला ते वर्षभरात पोचले. मराठवाड्यातल्या घराघरांत टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात. ‘गजरा’ किंवा दिलीप प्रभावळकर-बाळ कर्वे यांचे ‘चिमणराव’ हे मुंबई-पुण्याच्या माणसाचे बालपण आहे, माझे नाही. दिवाळी अंकांत ‘सोन्याचे दिवस’ छापाचे लेख येतात तेव्हा त्यातली निम्मी नावे मी ऐकीव म्हणून वाचतो. आमचे सोन्याचे दिवस १९८४ च्या ‘हम लोग’पासून, आणि खरे म्हणजे २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी ‘रामायण’ लागले तेव्हापासून सुरू होतात. ‘चिमणराव’च्या काळी टेप महाग होत्या. जुने पुसून त्याच टेपेवर नवे मुद्रित करण्याची पद्धत होती. म्हणून ‘चिमणराव’ला आज दहापैकी दहा देणारा बहुधा स्वतःच्या आठवणीलाच दहा देतो. मला त्याचा हेवा वाटतो, पण तो गुण मी धरत नाही.

आमच्या आठवणीला आणखी एक भोक आहे, भारनियमनाचे. व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणायच्या, गल्लीतली वीस माणसे एका खोलीत, आणि मध्यरात्री वीज जायची. सकाळी कॅसेट परत. पुढे टीव्हीवरही तेच. त्यामुळे माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी कितीतरी चित्रपट अर्धे पाहिले आहेत आणि पूर्ण पाहिल्यासारखे त्यांच्याबद्दल बोलतात. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’चा (१९७९) शेवट मी प्रथम पाहिल्यानंतर बावीस वर्षांनी पाहिला. तोपर्यंत मी त्याला आठ देत होतो. शेवट पाहिल्यावर साडेनऊ. न पाहिलेल्या भागाचे गुण कापले जात होते, हे माझ्या ध्यानातही नव्हते.

२८ मार्च २०२० ला टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. आमच्या घरातली पाच माणसे त्यात धरली असावीत, कारण टीव्ही चालू होता. आई हात जोडून होती, आप्पा वर्तमानपत्र वाचत होते, बायको धान्य निवडत होती आणि लेक ‘हे बाण इतके हळू का जातात’ म्हणून मला छळत होती. टीआरपी असा मोजतात. देशात पन्नास हजारांवर घरांत मीटर बसवलेले असतात, घरातल्या प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे, त्यावरून कोटींचा अंदाज. तो आकडा जाहिरातदाराच्या कामाचा. माणूस खोलीत होता एवढे त्यावरून कळते. त्याला आवडले का, हे त्या यंत्राला कुणी विचारलेलेच नाही.

ताऱ्यांचे तसे नाही, तिथे निदान आवडनिवड विचारतात. चित्रपटाला तारे देण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेने १९२८ साली सुरू केली, तीनपैकी तारे. पुढे लेनर्ड माल्टिन याचे जाडजूड मार्गदर्शक १९६९ पासून २०१४ पर्यंत निघत राहिले. टीव्हीवर रात्री कुठला जुना चित्रपट लागणार आहे आणि जागावे की नाही, हे लोक त्यात पाहून ठरवत. आपल्याकडे असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. मराठी चित्रपटांवर लिहिले गेले पुष्कळ, पण ‘आज रात्री साडेनऊला हा लागतोय, बघ’ किंवा ‘झोप’ असे दोन ओळींत सांगणारा ग्रंथ मराठीत हवा होता, असे मला अजून वाटते. मग १९९० मध्ये आयएमडीबी आले, दहापैकी गुण, जगातल्या कुणीही द्यावेत. २०११ मध्ये न्यूझीलंडमधून लेटरबॉक्स्ड. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच तारे काढून टाकले आणि अंगठा आणला, वर किंवा खाली. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देत आणि पाहत मात्र भलतेच, हे त्यांच्या लक्षात आले होते.

जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत या आकड्यांचा एक मोठा दोष आहे. १९४१ चा ‘शेजारी’ आज मुद्दाम शोधून पाहणारा आणि वर मत नोंदवणारा माणूस कोण असेल? जो आधीच प्रेमात आहे तोच. कंटाळलेला उठून जातो, तो गुण द्यायला थांबत नाही. कालच्या शुक्रवारच्या चित्रपटाला मात्र फुकट चिडलेलेही गुण देतात. म्हणून जुन्याचे साडेआठ आणि नव्याचे साडेसहा एका तराजूत घालू नयेत. आणि मतांची संख्या बघावी. चारदोनशे मते म्हणजे एका मोठ्या लग्नाची पंगत, आणि पंगतीत जेवण वाईट होते असे सहसा कुणी म्हणत नाही.

मग घरच्या वहीचा उपयोग काय? एवढाच की तिथे गुण देणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो. शेजारचे चाचा उर्दू माध्यमात शिकलेले. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) आम्ही त्यांच्यासोबत पाहिला. आम्हाला सेट दिसत होते, चाचा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे गुण तलफ्फुजला, उच्चाराला. पृथ्वीराज कपूरला त्यांनी पैकीच्या पैकी दिले आणि हल्लीच्या एका ऐतिहासिक मालिकेला शून्य, कारण त्यातल्या बादशहाला ‘क’ आणि नुक्त्याचा ‘क’ यातला फरक कळत नव्हता. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या शहरात हा कान अजून शिल्लक आहे, आणि मुंबईच्या कुठल्याही समीक्षेत हा रकाना नसतो. ‘बाजार’ (१९८२) लागला की चाचा श्रेयनामावलीत गीतकार बशर नवाज यांचे नाव येईपर्यंत कुणाला बोलू देत नाहीत. बशरसाहेब इथलेच, औरंगाबादचे. त्यांच्या गाण्याला आमच्या गल्लीत एक गुण जास्त मिळतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’लाही (१९९९) आम्ही अर्धा गुण जास्त दिलेला आहे. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था घेऊन इथूनच मुंबईला गेलेला माणूस.

मकरंद अनासपुरेंचे चित्रपट पाहताना तर हे फारच जाणवते. पुण्याचा माझा मावसभाऊ आणि मी एकदा ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’ एकत्र पाहिला. तो आमच्या मराठवाडी बोलीला हसत होता, मी विनोदाला. त्यामुळे आमची हसण्याची ठिकाणे चुकत होती. गुण दोघांनीही सातच दिले, पण ते एकाच चित्रपटाचे नव्हते.

‘अशी ही बनवाबनवी’ला (१९८८) वहीत गुणच नाहीत. तारखा आहेत, चौदा. पाठ झालेल्या चित्रपटाला गुण देता येत नाहीत, जसे पाढ्यांना देता येत नाहीत. मूळ हिंदी ‘बीवी और मकान’ (१९६६) आम्ही त्यानंतर पाहिला आणि हृषीकेश मुखर्जींवर अन्याय केला. सगळे जण प्रत्येक प्रसंगात अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची वाट पाहत होते. पाच गुण, शेरा: ‘नक्कल आधी पाहिली’.

आप्पांचे ग्रेस खऱ्या अर्थाने बंद झाले ते ‘कुंकू’मुळे. शांतारामबापूंचा १९३७ चा चित्रपट, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा आणि तिचा नकार. लेक अर्ध्या तासाने म्हणाली, “बाबा, याला बॅकग्राउंड म्युझिकच नाहीये.” मला आधी पटेना. मग आवाज वाढवला. घड्याळाची टिकटिक, भांडी, छत्री, पावले. पार्श्वसंगीत खरेच नाही. बापूंनी ते ठरवून टाळले होते, हे मी कुठेतरी वाचले होते आणि विसरलो होतो. या पोरीला ते ऐकू आले. घड्याळाच्या प्रसंगी खोलीत कुणी बोलले नाही. तिने नऊ लिहिले. आप्पांनी पेन घेतले, सात लिहिले, सवयीने ‘ग्रेस’ लिहायला गेले, तर ती म्हणाली, “आप्पा, कशाला? पास आहे की तो.” त्यांनी अर्धवट लिहिलेला ‘ग्रे’ खोडला आणि साताचे साडेआठ केले. वहीत ते साडेआठ अजून गिचमीड दिसतात.

तेव्हापासून वहीत आणखी दोन रकाने आहेत, ‘प्रत’ आणि ‘सोबत’. प्रत तीन प्रकारची: बरी, ताणलेली, कापलेली. ताणलेल्या प्रतीवर गुण द्यायचे नाहीत, असा ठराव झालेला आहे. सोबत कोण होते तेही लिहायचे, कारण एकट्याने पाहिलेला ‘उंबरठा’ (१९८२) आणि आईसोबत पाहिलेला ‘उंबरठा’ हे निराळे अनुभव आहेत. स्मिता पाटील घर सोडते तेव्हा आई काय म्हणाली ते मी वहीत लिहिलेले नाही.

बाहेर जाऊन जुने पाहण्याची सोय आता जवळजवळ संपली. अंबा-अप्सरा, सादिया, अंजली, मोहन ही चित्रपटगृहांची नावे पत्ता सांगायला जास्त उपयोगी पडतात. जानेवारीत अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, तो एक आधार. तिथे २०२५ मध्ये सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार मिळाला, आणि त्या आठवड्यात आमच्या इमारतीत तीन घरांत त्यांचा ‘कथा’ (१९८३) लागला होता. जिन्यातून चढताना एकाच चित्रपटाचे तीन वेगवेगळे प्रसंग कानावर येत होते.

गेल्या रविवारी ‘शेजारी’ लावला. चाचा आले होते, ते आणि आप्पा शेजारी शेजारी. जिवबा आणि मिर्झा, दोन जुने दोस्त, आणि त्यांच्यात फूट पाडणारा, धरण बांधायला आलेला उद्योगपती. मिर्झा झालेत गजानन जागीरदार. हिंदी आवृत्तीत, म्हणजे ‘पडोसी’त, हिंदू ठाकूर झाला मझहर खान. म्हणजे तिथे अदलाबदल पुरी. चाचांना ही माहिती इतकी आवडली की त्यांनी चित्र थांबवायला लावून ती पुन्हा सांगायला लावली. उच्चारांबद्दल त्यांनी जागीरदारांना आठ दिले, “महाराष्ट्रीयन के हिसाब से नऊ.” आप्पा म्हणाले, ग्रेस चालत नाही. मग दोघांचा वाद, त्यात दहा मिनिटे गेली.

धरण फुटायच्या जरा आधी खालून हाक आली, नळाला पाणी आले. आमच्याकडे ते रोज येत नाही आणि आले की वाट पाहत नाही. सगळे उठले, मोटार लावली, पिंप भरले, चाचाही आपल्या घरी धावले. पाणी गेले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि आप्पा झोपले होते. वहीत नोंद अशी आहे: ‘शेजारी, १९४१. प्रत बरी. सोबत चाचा. शेवटची पंचवीस मिनिटे बाकी. गुण दिलेले नाहीत.’